पहिली परदेश टूर, १६ दिवस युरोप: मार्ग, व्हिसा, बॅकलाइन आणि मर्चचं गणित

सेकंडहँड_रिफ

नमस्कार मंडळी. पाच जणांचा हार्डकोर (पंकचा वेगवान, आक्रमक प्रकार) बँड आहे: गायक, दोन गिटार, बास, ड्रम. सेट २२ मिनिटांचा. मे महिन्यात पहिल्यांदाच देशाबाहेर, युरोपात वाजवायचं ठरतंय. हातात सात महिने आहेत. एजंट किंवा मॅनेजर नाही, सगळे मेल आम्हीच पाठवतोय. सोबत एक ड्रायव्हर असेल, म्हणजे एकूण सहा माणसं.

बर्लिनला उतरायचं आणि तिथूनच परतायचं. १६ दिवसांत १५ गिग (कार्यक्रम) करायचा विचार आहे. लाइपझिग आणि ल्युब्लियाना पक्कं झालंय. बार्सिलोनावाले हो म्हणतायत, बर्नला विचारलंय, शेवटचे दोन दिवस लंडन करावं असं वाटतं. बाकीच्या तारखा मोकळ्या आहेत.

अडलंय ते असं. मार्ग बरोबर आहे का? आमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागतो, तर अर्ज कुठल्या देशाकडे करायचा आणि निमंत्रणपत्रात काय हवं? बॅकलाइनपैकी (स्टेजवरचे अँप, स्पीकर, ड्रम) दोन ट्यूब हेड (व्हॉल्व्हवर चालणारा, स्पीकर नसलेला गिटार अँप) न्यायची आहेत, त्यातलं एक १२० व्होल्टचं आहे, ते तिकडे चालेल का? कार्ने, म्हणजे सामान तात्पुरतं दुसऱ्या देशात नेण्याचा कस्टम्सचा कागद, काढावाच लागतो का? मर्च, म्हणजे विकायचे रेकॉर्ड आणि शर्ट, किती न्यावेत? आणि बँडमधल्या एकाचं म्हणणं आहे की युरोपआधी अमेरिका करावी.

कच्चा_नकाशा

अमेरिकेचं आधी संपवतो. तिथे पर्यटक व्हिसावर गिग वाजवता येत नाही. बँडसाठी जो पी-१बी व्हिसा आहे, त्याला तिथल्या कुणीतरी तुमच्यासाठी याचिका दाखल करावी लागते, बँडची आंतरराष्ट्रीय ओळख कागदोपत्री सिद्ध करावी लागते आणि ७५ टक्के सदस्य किमान एक वर्ष बँडमध्ये असावे लागतात. पहिल्या टूरला हा रस्ता घेऊ नका.

आता मार्ग. बर्लिन ते बार्सिलोना अठराशे किलोमीटरच्या वर आहे. एका गिगसाठी जाता-येता चार दिवस रस्त्यावर जातील. नम्रपणे नाही म्हणा. लंडनही काढा: वेगळा व्हिसा, वेगळी कस्टम्स, शिवाय परतीचं विमान बर्लिनहून असल्यामुळे शेंगेनमध्ये पुन्हा शिरावं लागेल, म्हणजे एकाहून जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा. दोन गिगसाठी एवढं सगळं परवडत नाही.

ल्युब्लियाना पक्कं आहे ना, मग त्याच्याभोवती एक वर्तुळ काढा. लाइपझिग, प्राग, ब्रनो, व्हिएन्ना, ल्युब्लियाना, म्युनिक, श्टुटगार्ट, कोलोन, अॅमस्टरडॅम, ब्रेमेन, हॅम्बुर्ग, शेवटी बर्लिन. १२ गिग. बर्लिनपासून बर्लिनपर्यंत साधारण ३,२०० किलोमीटर होतात आणि सगळ्यात लांब टप्पा ल्युब्लियाना ते म्युनिक, चारशेच्या आसपास. पहिला दिवस उतरण्याचा, सोळावा परतीचा, मधल्या १४ संध्याकाळी १२ गिग आणि दोन सुट्ट्या. एक सुट्टी व्हिएन्नानंतर, दुसरी अॅमस्टरडॅमनंतर. १५ गिगचा हट्ट सोडा. दहाव्या दिवशी गायकाचा घसा बसला की पुढचे पाच गिग नुसते वाजवून काढायचे उरतात, आणि ज्यांनी तुमच्यासाठी हॉल उघडला त्यांच्यावर तो अन्याय आहे.

बर्लिन शेवटी ठेवण्याचं कारण आहे. व्हॅन तिथेच परत करायची, विमान तिथूनच, आणि उरलेला माल मोठ्या गर्दीत विकला जातो. मोठी शहरं शुक्रवार-शनिवारवर टाकू नका, त्या दिवशी तिथे आणखी चार गिग असतात. ब्रनो, ब्रेमेन अशा शहरांना शनिवार द्या. सोमवार-मंगळवार मात्र मोठ्या शहरातच ठेवा, कारण आठवड्याच्या सुरुवातीला घराबाहेर पडणारे पन्नास जण तिथेच मिळतात. आणि एकाच आठवड्यात शंभर किलोमीटरच्या आत दोन गिग लावू नका, येणारे लोक तेच असतात.

मेल करताना एक लक्षात ठेवा. यातली बरीच ठिकाणं सामूहिक पद्धतीने चालतात. ल्युब्लियानाचं मेटेलकोवा म्हणजे युगोस्लाव सैन्याच्या जुन्या बराकी, १९९३ मध्ये लोकांनी ताब्यात घेतलेल्या. हॅम्बुर्गचं रोटे फ्लोरा १९८९ पासून असंच ताब्यात आहे. अशा ठिकाणी बुकिंगचा निर्णय एकटा माणूस घेत नाही. बैठक होते, तीही आठवड्यातून एकदा किंवा त्याहून कमी. म्हणून उत्तराला वेळ लागतो. दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, रोज नको. मेल छोटा ठेवा: दोन ओळीत बँड, एक लाइव्ह व्हिडिओ, नेमकी तारीख आणि तिच्या आगेमागे एक दिवसाची मोकळीक, आदल्या व दुसऱ्या दिवशी कुठे आहात, किती माणसं, काय लागेल.

पैशांचं बोलताना "काहीही द्या" म्हणू नका. तुमचा किमान आकडा तुम्हालाच ठाऊक हवा. शहरातली फिराफिरी धरून ३,५०० किलोमीटर, भरलेली व्हॅन १०० किलोमीटरला १० लिटर धरली तर ३५० लिटर डिझेल. १२ गिगनी भागलं की प्रत्येकी २९ लिटर. त्यात व्हॅनचं भाडं आणि टोल यांचा बारावा हिस्सा मिळवा. हीच प्रत्येक गिगची किमान मागणी. सहा जणांचं गरम जेवण, झोपायची जागा, हा आकडा आणि त्यावर खर्च वजा जाऊन दाराच्या (तिकिटांच्या) पैशात वाटा, एवढं मागणं पूर्ण रास्त आहे. लोकल बँडचा वाटा कापून मात्र तुमचा आकडा भरू देऊ नका.

कागद_आधी

व्हिसाबद्दल. वरचा मार्ग धरला तर सात गिग जर्मनीत आहेत, सर्वात जास्त मुक्कामही तिथेच. म्हणून अर्ज जर्मनीकडे. नियम असाच आहे: जिथे सर्वाधिक दिवस तो देश, दिवस सारखे असतील तर जिथून प्रवेश करता तो. "अमुक वकिलातीत लवकर होतं" असं ऐकून मार्गाशी न जुळणारा देश निवडला की नकाराला आयतं कारण मिळतं.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, शंका आली तर ४५ पर्यंत. पण गाडं अडतं ते अपॉइंटमेंटवर. मे महिन्यासाठी डिसेंबरपासूनच तारखा बघा आणि पाचही जणांच्या तारखा एकाच दिवशी घ्या. ड्रायव्हर तुमच्याबरोबर जाणार असेल तर सहा. प्रवास विम्याचं वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोचं हवं. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी.

निमंत्रणपत्रातच खरी मेख आहे. नोंदणी नसलेल्या जागेच्या पत्राला वकिलातीत फारसं वजन नसतं. तुमच्या मार्गावरच्या जर्मन ठिकाणांपैकी एखाद्याची नोंदणीकृत संघटना असते, नाहीतर तुमची रेकॉर्ड काढणारं लेबल नोंदणीकृत असतं. त्यांच्याकडून पूर्ण टूरचं एक मुख्य पत्र घ्या आणि बाकीच्या जागांची छोटी पत्रं त्याला जोडा. मुख्य पत्रात पाचही जणांची नावं पासपोर्टमधल्या स्पेलिंगप्रमाणे, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक, कोण काय वाजवतं, सगळ्या तारखा व पत्ते, राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार, मानधन काय, आणि लेटरहेडवर सही. टोपणनावं पोस्टरवर ठेवा, पत्रात नकोत. यजमान तयार असेल तर जर्मनीत तो तिथल्या परकीय नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाचं औपचारिक हमीपत्र देऊ शकतो. बँकेत शिल्लक कमी असलेल्या सदस्यासाठी हे फार उपयोगी पडतं.

आणि "फिरायला चाललोय" असं चुकूनही लिहू नका. पोस्टर इंटरनेटवर असतात. शेंगेन व्हिसा म्हणजे सगळीकडे काम करायची सरसकट परवानगी नाही, कलाकारांसाठीच्या सवलती प्रत्येक देश स्वतः ठरवतो. जर्मनीत एकेका दिवसाच्या सादरीकरणांना वर्षाला १५ दिवसांपर्यंत वेगळ्या कामाच्या मंजुरीची गरज नाही, तुमचे सात गिग त्यात आरामात बसतात. चेकिया, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि नेदरलँड्सच्या आयोजकांना एकच प्रश्न लेखी विचारा: आमच्या पासपोर्टवर एका गिगसाठी तुमच्याकडे काही नोंद करावी लागते का? करायची असेल तर ती त्यांनीच करायची असते.

जर्मनीत आणखी दोन गोष्टी. परदेशी कलाकारांच्या मानधनातून आयोजकाला कर कापावा लागतो, पण एका गिगला माणशी २५० युरोपर्यंत ती कपात नाही. म्हणून करारात बँड म्हणून एक आकडा न लिहिता पाच नावं आणि माणशी रक्कम लिहा. दुसरं, गाण्यांच्या हक्कांसाठी गेमा ही संस्था आहे आणि आयोजकाला तिथे गाण्यांची यादी द्यावी लागते. गाण्याचं नाव, संगीत कुणाचं, शब्द कुणाचे, कुठल्या हक्कसंस्थेत नोंद आहे की नाही, एवढा एक कागद तयार ठेवा.

ओहम_आणि_ओरखडे

हेड नेऊ नका. १०० वॅटचं ट्यूब हेड २० किलोच्या पुढे जातं. विमानाची २३ किलोची एक बॅग त्यातच संपली, आणि केसचं वजन अजून धरलेलं नाही. दोन हेड म्हणजे दोन माणसांचं पूर्ण सामान. वर सामान फेकलं गेलं की ट्यूबचे सॉकेट सैल होतात, ट्रान्सफॉर्मरचे बोल्ट चेसिस वाकवतात.

त्याऐवजी प्रत्येक गिटारवाल्याने आपला आवाज पेडलबोर्डवर आणावा: प्रीअँप पेडल किंवा नेहमीचं डिस्टॉर्शन, नॉइज गेट (मधला गुणगुणाट बंद करणारं पेडल), ट्यूनर. मग समोर कुठलंही हेड आलं तरी त्याच्या क्लीन चॅनेलमध्ये किंवा रिटर्नमध्ये (थेट पॉवर अँपकडे जाणाऱ्या इनपुटमध्ये) घुसता येतं. राखीव म्हणून पेडलच्या आकाराचा एक क्लास-डी पॉवर अँप बँडमध्ये असू द्या. पण त्याचे वॅट नीट वाचा. २०० वॅट लिहिलेले असतात ते बहुधा ४ ओहमला. समोरचा कॅब (स्पीकरची पेटी) १६ ओहमचा निघाला तर त्यातून साधारण ५० वॅटच मिळतात. दोन गिटार आणि जोरात वाजवणारा ड्रमर असताना ते कमी पडतात.

ओहमचा नियम सगळ्यांनी पाठ करा, ड्रमरनेही. ट्यूब हेडचा सिलेक्टर आणि कॅबचा आकडा जुळला पाहिजे. कॅब न लावता ट्यूब हेड कधीही चालू करायचं नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. सॉलिड-स्टेटचं वेगळं आहे: लिहिलेल्या किमान ओहमपेक्षा जास्त चालतं, कमी चालत नाही. हेडपासून कॅबपर्यंत गिटारची केबल लावू नका, ती आतून बारीक असते आणि तापते. १.५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड तारेची स्पीकर केबल स्वतःची न्या: एक जॅक-जॅक, एक स्पीकॉन-जॅक (स्पीकॉन म्हणजे फिरवून अडकवायचा स्पीकरचा प्लग) आणि बाससाठी एक स्पीकॉन-स्पीकॉन. दुसऱ्याचं हेड उधार मिळतं, केबल मात्र नेमकी हरवलेली असते.

आता ते १२० व्होल्टचं हेड, घरीच ठेवणार असलात तरी. युरोपात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. १२० वर सेट केलेलं हेड थेट लावलं तर आतला प्रत्येक व्होल्टेज जवळपास दुप्पट होतो. नशीब असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर फिल्टर कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर जातात. मागे व्होल्टेज सिलेक्टर असेल तर तो फिरवायचा आणि फ्यूजही बदलायचा: १२० ला ४ अँपिअर असेल तर २३० ला २ अँपिअर, संथ प्रकारचा. सिलेक्टर नसेल तर टेक्निशियनकडून बघून घ्या, ट्रान्सफॉर्मरला दुसरी वाइंडिंग असली तर जोडणी बदलता येते. ट्रान्सफॉर्मर फक्त ६० हर्ट्झसाठीच बनवलेला असेल तर ५० वर तो जास्त तापतो, हेही विचारा. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावायचा तर १०० वॅटच्या हेडला किमान ५०० व्हीएचा, तोच चार-पाच किलोचा असतो. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके ट्रॅव्हल कन्व्हर्टर अँपला लावू नका. त्यातून नीट साइन वेव्ह निघत नाही.

अर्थिंगबद्दल एक कळकळीची विनंती. दोन पिनांच्या स्वस्त अॅडॅप्टरला अर्थ नसतो. अर्थ तुटलेला अँप आणि अर्थ असलेला पीए (हॉलची ध्वनियंत्रणा) यांच्यामध्ये गिटार धरलेला माणूस उभा असतो, आणि माइकला ओठ लागला की झटका बसतो. घामाने भिजलेल्या अंगाला तो जिवावर बेतू शकतो. अॅडॅप्टरच्या माळा लावू नका. तुमच्या एक्स्टेन्शन पट्टीला थेट युरोपियन अर्थवाला प्लग बसवून घ्या, दोन्ही बाजूंना पट्ट्या आणि समोर अर्थचं भोक असलेला. तो जर्मन आणि फ्रेंच दोन्ही सॉकेटमध्ये बसतो. पेडलचा पॉवर सप्लाय १००-२४० व्होल्टचा, वेगवेगळे आउटपुट असलेला घ्या.

ड्रमरने न्यायचं ते: स्नेअर, सिंबल, किक पेडल, हाय-हॅटचा क्लच (वरची झांज दांड्याला धरून ठेवणारा), ड्रम की, सिंबलचे फेल्ट आणि विंग नट, १४ इंची स्नेअरचं एक जादा हेड (वाजवायचं कातडं), काठ्यांचे १२ जोड. क्लच विसरू नका, उधारीच्या किटवर तोच नसतो. हाय-हॅट, दोन क्रॅश आणि राइड मिळून आठ-नऊ किलो, बॅगसकट दहा.

आयोजकाला पाठवायचा बॅकलाइनचा मजकूर साधारण असा असू द्या: "आम्ही आणतो: गिटार, बास, पेडल, स्नेअर, सिंबल, किक पेडल. लागेल: दोन गिटार हेड, दोन ४×१२ कॅब, एक बास हेड आणि कॅब, ड्रमचे शेल, किमान तीन सिंबल स्टँड, हाय-हॅट स्टँड, स्टूल. कॅबचे ओहम कळवा. हे सामान कुणाचं आहे आणि ते त्या रात्री वाजवणार आहेत का?" शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. "बॅकलाइन आहे" या दोन शब्दांत बरंच पाणी मुरतं. कधी कॅब असतो, हेड नसतं. कधी सामान अशा बँडचं असतं जो आपला सेट संपवून, तुमच्या आधी, ते घेऊन घरी जातो.

सेकंडहँड_रिफ

बार्सिलोना आणि लंडन काढलं. बासवाला विचारतोय, त्याच्या बासला रोझवुडचा फिंगरबोर्ड आहे, कस्टम्सवर त्रास होईल का? आणि बर्न खरंच मनात आहे, राइटशुलेला (तिथल्या स्वायत्त सांस्कृतिक केंद्रात) वाजवायची सगळ्यांची इच्छा आहे.

खोका_क्रमांक_सात

रोझवुड: २०१७ च्या सुरुवातीला या लाकडाच्या व्यापारावर निर्बंध आले होते, त्यामुळे ही भीती अजून फिरते. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे. अपवाद ब्राझिलियन रोझवुडचा, त्याला कागद लागतात. आजकालच्या साध्या बासमध्ये ते नसतं.

कार्ने: युरोपियन संघात प्रवाशाने स्वतःबरोबर आणलेली, उचलून नेता येण्याजोगी वाद्यं व्यावसायिक साधन म्हणून तात्पुरती आत आणायला कार्नेची सक्ती नाही. वरच्या मार्गातले सगळे देश एकाच कस्टम्स क्षेत्रात आहेत. हेड-कॅब मालवाहतुकीने पाठवले असते तर वेगळी गोष्ट. खरा प्रश्न परत येतानाचा आहे. आपलीच वाद्यं आपल्याच देशात नवीन म्हणून धरली जाऊ नयेत यासाठी निघण्याआधी आपल्या कस्टम्सकडून नेलेल्या वस्तूंची नोंद करून घ्या: वस्तू, मेक, सिरियल नंबर, किंमत, फोटो.

बर्नला गेलात की गणित बदलतं. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, युरोपियन कस्टम्समध्ये नाही. व्हिसा तोच चालतो, पण सीमेवर सामान दाखवावं लागतं, आणि तिथे अडतं ते वाद्यांपेक्षा मर्चवर. खोक्यात किती शर्ट, किती रेकॉर्ड, खरेदीची किंमत काय, हे लिहिलेली यादी हवी आणि विक्रीच्या मालावर ८.१ टक्के कर भरायची तयारी हवी. कार्ने काढलात तरी विक्रीचा माल, तारा, काठ्या त्यात बसत नाहीत, शिवाय एकदा यादी दिली की तिच्यात भर घालता येत नाही. हायवेसाठी ४० फ्रँकचा वर्षभराचा स्टिकर किंवा त्याची डिजिटल आवृत्ती लागते, दहा दिवसांची मिळत नाही. माझं मत: पहिल्या टूरला बर्न नको. जायचंच असेल तर दोनांपैकी एक सुट्टी मोडून म्युनिक आणि श्टुटगार्टच्या मध्ये जा, मर्चची दोन खोकी जर्मनीतच कुणाकडे ठेवा आणि मोजके २० शर्ट घेऊन सीमा ओलांडा.

आता माल. विकायचा माल विमानातून नेऊ नका. प्रवाशाची ४३० युरोची सूट वैयक्तिक वस्तूंना आहे, विक्रीच्या मालाला नाही. टी-शर्टवर युरोपियन संघात १२ टक्के ड्युटी, त्यावर तिथला व्हॅट. वजनही बघा: १२ इंची रेकॉर्ड कव्हर-इन्सर्टसकट २५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ८० रेकॉर्ड २० किलो. ७ इंची ८० रेकॉर्ड सहा किलोत बसतात. शर्ट १०० घेतले तर १८-२० किलो.

उपाय असा की छपाई तिकडेच करा. रेकॉर्ड युरोपातल्या लेबलबरोबर काढून लाइपझिगच्या आयोजकाच्या पत्त्यावर मागवा. प्रेसिंगला तीन-चार महिने धरा, टेस्ट प्रेसमध्ये (चाचणीच्या प्रतींमध्ये) दोष निघाला तर आणखी एक. म्हणजे मास्टर (ध्वनिमुद्रणाची अंतिम प्रत) या महिन्यातच गेलं पाहिजे. शर्टची स्क्रीन प्रिंटिंगची फाइल तिथल्या प्रिंटरला पाठवा: एक रंग, पुढे-मागे, काळा शर्ट. दोन रंग केले की प्रत्येक शर्टचा खर्च वाढतो आणि विक्री तेवढीच राहते.

किती? १२ गिगना प्रत्येकी पाच-सहा शर्ट धरून ७० छापा. साइजचं वाटप एस १०, एम २१, एल २२, एक्सएल १२, दुप्पट एक्सएल ५. रेकॉर्ड ८०, त्यातले १५-२० अदलाबदलीला ठेवा. प्रत्येक शहरात कुणीतरी छोटा डिस्ट्रो (इतर बँडचे रेकॉर्ड विकायचा घरगुती धंदा) चालवत असतो, त्याला पाच द्यायचे, त्याच्याकडून पाच घ्यायचे. तुमचं नाव टूरनंतरही त्या शहरात राहतं ते यामुळे. पण घेतलेला माल विमानाने परत न्यायचा आहे, म्हणून अदलाबदल शक्यतो ७ इंचीतच करा. रेकॉर्ड व्हॅनमध्ये उभे ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीत सोडू नका, मे महिन्यातही काचेमागे वाकतात.

वही ठेवा. रोज रात्री: दाराचे पैसे, मर्चची रोकड, किती नग उरले, डिझेल. सुटे वेगळ्या डब्यात. चेकियात कोरुना लागतो, बाकी मार्गावर युरो.

दोन_चाव्या

व्हॅन. नऊ सीटची घ्या, ड्रायव्हर धरून नऊ आणि एकूण मान्य वजन ३.५ टनांपर्यंत. त्यापुढे गेलात की साध्या कार लायसन्सवर चालवता येत नाही. मागची सीटची ओळ काढून द्यायला भाडं देणाऱ्याला सांगा. मग वजनाची बेरीज करा: सहा माणसं ४८० किलो, बॅगा ९०, वाद्यं ८०, मर्च ४०, म्हणजे ६९०. नऊ सीटच्या व्हॅनची वाहनक्षमता बऱ्याचदा टनाच्या आतच असते, ती गाडीच्या कागदावर बघा. वाटेत कॅब उधार घेऊन पुढच्या शहरात नेणार असाल तर तोही धरा.

करारात सगळ्या देशांची नावं लिहून घ्या, काही कंपन्यांना चेकिया किंवा स्लोव्हेनिया चालत नाही. दोन ड्रायव्हरांची नावं घाला. एकच ड्रायव्हर असणं ही तुमच्या योजनेतली सगळ्यात मोठी कच्ची बाजू आहे, त्याला ताप आला की टूर थांबली. दोघांकडे आंतरराष्ट्रीय परवाना हवा. जर्मनीत भाड्याने घेतलेल्या गाडीला हिरवा पर्यावरण स्टिकर असतो, तरी काचेवर बघून घ्या. चेकिया, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया तिन्हीकडे व्हिन्येट (हायवे वापरायचा पास) ऑनलाइन घ्या. स्लोव्हेनियात उंच व्हॅन २बी वर्गात येते, कारचा २ए घेतला तर दंड होतो. ल्युब्लियाना ते म्युनिकच्या वाटेवर काराव्हांकेन आणि टाउएर्न या बोगद्यांचा टोल व्हिन्येटव्यतिरिक्त आहे.

वेळ: भरलेली व्हॅन, थांबे धरून तासाला ७० किलोमीटरच धरा. चारशेच्या टप्प्याला सहा तास. लोड-इन (सामान हॉलमध्ये न्यायची वेळ) पाचला असेल तर दहाला निघा, अकराला नाही. चेकियात ड्रायव्हरला अल्कोहोलची मर्यादा शून्य आहे, आदल्या रात्रीचं सकाळीही रक्तात सापडतं.

सामान भरताना जड ते खाली आणि सीटच्या पाठीला टेकून, रॅचेट पट्ट्यांनी बांधून. ब्रेक लागल्यावर सुटा सिंबल बॅगसकट पुढच्या माणसाच्या मानेवर येतो. रात्री गाडीची मागची दारं भिंतीला चिकटवून उभी करा आणि गिटार, पेडल, सिंबल, पासपोर्ट झोपायच्या जागी आत न्या, कितीही दमलेले असलात तरी.

मधला_मॉनिटर

गायकासाठी एवढंच. छोट्या जागेत पीएमधून बहुधा फक्त आवाज आणि किक येतो. गिटारचे अँप आधी कमी करा, माइक वाढवत बसलात तर फीडबॅक (स्पीकरची शिट्टी) येतो आणि गायक ओरडून भरपाई करतो. घसा तिथेच जातो. कॅब गुडघ्यांकडे न रोखता तिरका करून कानांकडे रोखला की गिटारवाला स्वतःच आवाज कमी करतो. जर्मनीत प्रेक्षकांसाठी ३० मिनिटांच्या सरासरीने ९९ डेसिबलचं मानक आहे, इंजिनिअर कमी करा म्हणाला तर वाद घालू नका. कानात प्लग प्रत्येकाने, व्हॅन चालवणाऱ्यानेही गिगच्या वेळी.

सेकंडहँड_रिफ

बर्नही काढलं. दुसरा ड्रायव्हर म्हणून बासवाल्याचं नाव घालतोय. शेवटचा प्रश्न: हेड घरी ठेवून पाच जणांत ११५ किलो होतात. गिटार-बास केबिनमध्ये नेता येतात का?

ओहम_आणि_ओरखडे

हक्क म्हणून नाही, कंपनीच्या नियमावर आणि त्या दिवशीच्या जागेवर आहे. म्हणून हार्ड केसमध्ये चेक-इन करायचं धरूनच हिशोब करा. बासची केस लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या पुढे जाते, वजन कमी असलं तरी जादा आकाराचं शुल्क लागतं. वाद्यांसाठी त्यांची वेगळी तरतूद काय, हे तिकीट काढण्याआधी लेखी विचारून तो मेल छापून जवळ ठेवा. तारा एक-दोन सुरांनी सैल करा, पूर्ण नको. हेडस्टॉकच्या खाली आणि दोन्ही बाजूंना कपडे ठासा, गिटारची मान तुटते ती बहुधा तिथेच. पेडलबोर्ड मात्र हातातच, सगळ्या केबल काढून वेगळ्या पिशवीत, म्हणजे एक्स-रेवर गुंता दिसत नाही. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच, १०० वॅट-अवरच्या आतल्या. ड्रम की आणि पेचकस मात्र चेक-इन बॅगेत टाका.